पोट घट्ट झालं तर

लष्कर मोहल्ला, म्हैसूर
३ नोव्हेंबर २०२५

चि. सयाजीराव भावोजींस,
नर्मदावहिनीचा आशीर्वाद.

इकडे आम्ही बरे आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. सरगूरहून तुम्ही पाठवलेली नाचणी मिळाली. दळून आणली, पण नाचणीच्या उकडीचे गोळे, ते मुद्दे, खाणारे तुमचे दादा एकटेच होते. आता सुम्ने, उगीच आपला, डबा भरून ठेवलाय.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोन करताना भुवन शेजारी असतो, आणि लेकासमोर मला बोलता येणार नाही.

काल तुमच्या वर्षिणीचा फोन आला. दोन महिने तुम्हाला शौचाला रक्त पडतंय म्हणे, आणि लेकीने कितीही विनवलं तरी तुम्ही दुर्बिणीच्या तपासणीला जात नाही. "दादाला त्या तपासणीनेच मारलं," म्हणालात. सगळेच तसं म्हणतात. भुवन तर डॉक्टरवर तक्रार करायला निघालाय. मी गप्प बसते.

आता ऐका.

तुमच्या दादांची तपासणी मंगळवारी झाली. आतड्यात गाठ निघाली, ती त्यांनी तिथल्या तिथे कापून काढली. क्वचित एखाद्याला त्या जागी भोक पडतं, हे आधीच सांगितलं होतं. घरी सोडताना नर्सने कन्नडातला कागद मला वाचून दाखवला. 'होट्टे गट्टियादरे तक्षण बन्नि.' पोट घट्ट झालं, दुखलं, ताप आला, तर लगेच या. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळी सातला म्हणाले, "नर्मदा, पोट दगडासारखं झालंय गं. जाऊ या." अंगही तापलं होतं. भुवन फुलं आणायला बाजारात गेला होता.

पूजेत ज्याने कोहळा कापला, घराण्याची तलवार वर्षभर त्याच्या घरी. तुम्हाला मी काय सांगायचं! मान थोरल्या पिढीचा, भुवनचा नाही. दादा नाहीत तर तुम्ही, आणि तुम्ही तर शेत सोडून येत नाही. म्हणजे मालोजीराव. हा चुलत भाऊ वीस वर्षं टपून बसलाय. एकदा तलवार त्याच्याकडे गेली की परत कसली येतेय!

मी म्हणाले, "गॅस असेल. पूजा होऊ दे, मग जाऊ." ओव्याचं पाणी दिलं. ते पुन्हा एकदा म्हणाले, जाऊ या. तेव्हा मी चिडले. "भाऊबंदांसमोर मान घालवता का?" मग ते उठून पूजेच्या तयारीला लागले.

अकराला सगळे जमले. त्यांनी कोहळा कापला, भावोजी. एका घावात नाही, तीन लागले. मालोजीराव हसला. हे घामाने चिंब झाले होते, मी आत नेऊन सदरा बदलला आणि पुन्हा पाहुण्यांत बसवलं.

चार वाजता उठताच येईना, तेव्हा नेलं. डॉक्टरांनी विचारलं, दुखणं कधीपासून? मी म्हणाले, "आत्ता, जेवणानंतर." हे माझ्याकडे बघत राहिले. ऑपरेशन झालं, पण विष अंगभर पसरलं होतं. रविवारी गेले.

मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही. भांडी घासते, कपडे वाळत घालते, विचारलं की उत्तर देते. स्वतःचा राग यायला हवा, तोही येत नाही.

गाठीचा रिपोर्ट नंतर आला. ती कॅन्सरकडे वळत होती, वेळेत निघाली म्हणाले. सख्ख्या भावाने तपासून घ्यायलाच हवं, असंही म्हणाले. म्हणजे तपासणीने त्यांना वाचवलं होतं.

तुम्ही तपासणीला इकडे या. मी सोबत येते म्हणायला मला तोंड नाही, वर्षिणीला आणा. नंतर पोटात जरा जरी दुखलं तर सण, पाहुणे, मान, काही बघू नका. माझ्यासारखं कोणी "थांबा" म्हणालं तर ऐकू नका.

आणि येताना हे पत्र घेऊन या. तक्रार जायच्या आत भुवनच्या हातात द्या. माझ्या तोंडून ते निघत नाही.

तुमच्या दादांना नऊ तास थांबवणारी,
नर्मदा