पासिर रिसला कावळा शिवला, त्याची हकीकत

तीर्थरूप बाबांस,

बेडोकच्या नवव्या मजल्यावरून सारंगचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलो होतो. कमरेत उसण भरली, म्हणून पुढचं पत्र पाठीला उशी लावून लिहितोय.) तुमचा गुडघा कसा आहे? आईला विचारलं की ती म्हणते, "त्यांनाच विचार." तुम्हाला विचारावं, तर फोन उचलल्या उचलल्या तुम्ही "आईला देतो" म्हणता. वर्षभरात तुम्ही माझ्याशी बोललेले शब्द एवढे दोनच. पद्माकरकाका गेले तेव्हा मी साताऱ्याला आलो नाही, हा तुमचा राग, आणि तो रास्त आहे. चाळीस वर्षांचा शेजार, मला सायकल काकांनी शिकवली, आणि मी इथे परदेशात ऑफिसात बसून त्यांची अंत्ययात्रा मोबाइलवर पाहिली. त्यावर बोलायला मला तोंड नाही. पण पत्र फोनसारखं पहिल्या वाक्याला आईच्या हातात देता येत नाही (निदान पहिलं पान तरी वाचून होतं), म्हणून हा उद्योग. शिवाय गेल्या शनिवारी जे झालं ते तुम्हाला कळायलाच हवं.

काकांचा उल्हास आणि त्याची बायको सुलेखा शुक्रवारी दुपारी आमच्याकडे आले, तीन दिवसांसाठी. काय काय बघायचं त्याची यादी स्मिताने फ्रिजला लावून ठेवली होती. चहाचा पहिला घोट घेतोय तोच साताऱ्याहून काकूंचा फोन. उद्या काकांची तिथी! उल्हास आपला तारखेच्या हिशेबाने निवांत. तारखेला अजून अकरा दिवस होते, परत जाऊन सगळं यथासांग करणार होता. तिथीची आठवण काकूंना म्हणे तुम्ही केलीत. म्हणजे यापुढचं सगळं तुमच्यामुळे घडलं, हे नम्रपणे नमूद करतो. गुरुजींनी निर्णय दिला की वर्षश्राद्ध परत आल्यावर करू, पण उद्या पान वाढून कावळ्यासाठी ठेवा, आणि कावळा शिवेपर्यंत मुलाने अन्नाला हात लावायचा नाही. हा उल्हास कॉलेजात एकादशीला ऑम्लेट खायचा! पण वडील गेल्यापासून माणूस पार बदललाय. त्यात त्याला मधुमेह. सकाळी साखरेची गोळी घेतली की तासाभरात पोटात काहीतरी जावंच लागतं. उद्याच्या दिवस गोळी नको, असं सुलेखा चारदा म्हणाली, तरी सवयीने सकाळी उठून गोळी घेऊन हा मोकळा.

आता अडचण ऐका. इथे बाहेरच्या पाखरांना खाऊ घालणं हा गुन्हा आहे. थट्टा नाही, कायदा आहे, दंड आहे, जागोजाग पाट्या आहेत. त्यात माझा इथे कायम राहण्याचा अर्ज सरकारदरबारी पडलाय. (हे आईने अजून सांगितलं नसेल, तर हे वाक्य तुम्ही वाचलं नाही असं समजा.) बारा वर्षं इमानाने कर भरला आणि अर्ज गेला कावळ्याला वडा घातला म्हणून, असं व्हायला नको. घरातल्या घरात खिडकीबाहेर पान ठेवावं, तर नवव्या मजल्यावरून खाली काही पडणं हा आणखी वेगळा गुन्हा. आमच्या जाईकडून हे सगळं शाळेत घोकून घेतात. मला केळीचं पान धुताना पाहून ती कमरेवर हात ठेवून इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाली, "कॅनॉट लाह, बाबा! पोलीस विल कॅच यू." आठ वर्षांची पोर, पण तिच्यासमोर मला अपराध्यासारखं वाटायला लागतं.

शेवटी ठरलं की पासिर रिसच्या समुद्रकाठच्या बागेत जायचं, सहलीला आल्यासारखं बाकावर बसायचं आणि पान आपलं सहज शेजारी मांडायचं. स्मिताने पहाटे उठून खीर, वडे, कढी, अळूची भाजी, आमसुलाची चटणी असा साग्रसंगीत स्वयंपाक केला (बाबा, एकदा तरी तुमच्या सुनेचं तोंडभरून कौतुक करा, माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल). बाराच्या ठोक्याला पान वाढलं. एरवी इथले कावळे हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, माणसाच्या पुढ्यातली कोंबडी पळवतात, पण त्या दिवशी औषधाला एक कावळा दिसेल तर शपथ. साळुंक्या मात्र वीसेक जमल्या. उल्हास त्यांना टोपीने हाकलतोय, मी चारी दिशांना नजर ठेवतोय, आणि जाई आमची ओळखच नसल्यासारखी लांब दुसऱ्या बाकावर स्मिताला घेऊन बसलीये. एवढ्यात गणवेशातला एक माणूस सायकलवरून आला आणि थेट आमच्यासमोर थांबला. पानाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि इंग्रजीत विचारलं, कुणाची वाट बघताय का? माझी पाचावर धारण बसली. मी "पिकनिक, पिकनिक" असं काहीतरी पुटपुटतोय, तोवर उल्हासने सांगूनही टाकलं, "माझ्या वडिलांची." तो माणूस जरा थांबला, म्हणाला, ऊन फार आहे, म्हाताऱ्या माणसाला आल्यावर सावलीत बसवा, आणि निघून गेला.

एक वाजला तरी कावळा नाही. उल्हासचे हात थरथरायला लागले, कपाळ घामाने डबडबलं. सुलेखा बिस्किटाचा पुडा पुढे करून गयावया करतेय आणि हा नुसता मान हलवतोय. मी चिडून म्हटलं, अरे गाढवा, काका असते तर कानाखाली वाजवून जेवायला बसवलं असतं तुला! ऐकेल तर ना. मग त्याने हात जोडले आणि पानाशी मोठमोठ्याने बोलायला लागला. आईला एकटं ठेवणार नाही. कावळा नाही. गच्चीची गळती पावसाआधी काढून घेतो. नाही. तंबाखू आजपासून बंद. (यावर सुलेखाने चमकून पाहिलं, तिच्या मते ती दोन वर्षांपूर्वीच सुटली होती.) तरीही नाही. "अण्णा, अजून काय राहिलं हो तुमचं?" असं म्हणून पंचेचाळिशीचा तो बाप्या ढसाढसा रडायला लागला. चष्मा काढून डोळे पुसतोय, तेवढ्यात पानावर काळं काहीतरी उतरलं आणि वड्यावर चोच पडली. मी बोंबललो, "शिवला! उल्हास, कावळा शिवला!" त्याने चष्मा चढवेपर्यंत पाखरू उडून गेलं होतं, पण वड्याला टोच स्पष्ट दिसत होती. उल्हासने तिथेच जमिनीला डोकं टेकवलं आणि डब्यातली वाटीभर खीर आणि सहा वडे खाल्ले, तेव्हा कुठे त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. मी पान उचललं, खालचं शीतनशीत वेचून पिशवीत भरलं. सोमवारी दोघं सुखरूप विमानात बसली. तेव्हा काळजी नसावी. काका तृप्त, उल्हास तृप्त, सरकारला पत्ता नाही.

आईला नमस्कार. गुडघ्याला शेक घेत जा.

तुमचा,
सारंग

ता. क. आईला पत्र वाचून दाखवलंत, तर गोळीचा भाग गाळा. तिला कळलं की संध्याकाळच्या आत काकूंना कळेल.

ता. क. (दुसरा) बाबा, तो कावळा नव्हता. साळुंकी होती. इथल्या साळुंक्या काळपट असतात, पण चोच पिवळीधमक. मी धडधडीत पाहिली. उल्हास डोळ्यांदेखत कोसळला असता, म्हणून बोललो. त्याला हे कधी सांगू नका. पण त्या दिवसापासून मला घास गोड लागत नाही. काकांना शेवटचं बघायला आलो नाही ते नाहीच, वर त्यांच्या पानाशी खोटं बोललो. एवढं सगळं लिहिलं ते खरं म्हणजे एक मागण्यासाठी. आपल्या गच्चीवर काकांसाठी एक पान ठेवाल का? तिथी उलटली तर उलटू दे, गुरुजींना विचारू नका. तुमच्या हातचं काका नाकारणार नाहीत.

ता. क. (शेवटचा) आणि कावळा तिथेही अडून बसलाच, तर त्याला मोठ्याने सांगा की सारंग दिवाळीला घरी येतोय. तिकीट काढून ठेवलंय, तेव्हा तुम्हाला माझ्यासारखं खोटं बोलावं लागणार नाही.