औषध एकही नाही

४ फेब्रुवारी

पुन्हा तेच! साथीच्या तापातून उठलेला माणूस, आणि रक्ताचा रिपोर्ट म्हणतो थायरॉइड उधळलाय. या आठवड्यातला हा कितवा तरी. सर हरखून गेलेत. तीन वर्षं ते एकच सांगताहेत — हा ताप जाता जाता गळ्यातल्या ग्रंथीला धक्का देऊन जातो. आधी सगळे हसायचे. आता मोठ्या परिषदेचं बोलावणं आलंय, आणि हसणारेच अभिनंदनाला येताहेत.

मी मात्र आजच्या पेशंटकडे बघत राहिले. थायरॉइड उधळला की माणूस वाळतो, छाती धडधडते, हात थरथरतात, झोप उडते. हा गडी बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या घोरत होता! नाव पुकारलं तरी जागा नाही, शेजारणीने ढोसलं तेव्हा उठला. नाडी संथ. हात स्थिर. मी मनातल्या मनात त्याचं नाव कुंभकर्ण ठेवलं.

सरांना सांगितलं. म्हणाले, "रक्त खोटं बोलत नाही. माणसं बोलतात."

७ फेब्रुवारी

नणंदेचा रिपोर्ट आला. तिचाही उधळलेला.

तिला सरांच्या या अभ्यासात मीच घेतलं होतं. तापानंतर आरामाला आमच्याकडेच राहायला आलीय, म्हटलं फुकटात तपासणी होईल.

१० फेब्रुवारी

सरांनी तिला तपासलं. अँटिबॉडीही वाढलेल्या. स्कॅनमध्ये फारसं काही नाही, पण सर स्कॅनला भीक घालत नाहीत. "गोळ्यांचा खेळ दोन वर्षं चालतो, त्यापेक्षा एकदाच काय ते संपवू." म्हणजे किरणोत्सारी आयोडीनचा डोस. एक घोट, आणि ग्रंथी हळूहळू जळून जाते. त्यानंतर जन्मभर रोज थायरॉइडची गोळी. तारीख २७.

आणि डोसनंतर निदान सहा महिने मूल नको, वर्षभर थांबलात तर उत्तम. ही अडतीस वर्षांची. लग्न उशिरा झालं, दोनदा दिवस राहून मधेच सगळं संपलं, आता कुठे पुन्हा धीर केला होता. माझ्यासमोर रडली नाही. नुसतं म्हणाली, "वहिनी, तू म्हणशील तसं."

हे 'तू म्हणशील तसं' फार जड असतं. नवऱ्याने बहिणीला विचारलं, "घाबरलीस?" ती म्हणाली, "वहिनी आहे ना." झालं! आता मला झोप नाही.

१३ फेब्रुवारी

कुंभकर्ण फेरतपासणीला आला. आज जागा होता. आमच्या फॉर्ममधला ठरलेला प्रश्न विचारला — औषधं कोणती चालू आहेत?

"एकही नाही, मॅडम."

"नक्की?"

"नक्की. ही केसांची सोडून." खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. "तापानंतर केस मुठीमुठीने जायला लागले ना. पण हे काय औषध आहे? जीवनसत्त्व आहे!"

पट्टी उलटीसुलटी करून पाहिली. बायोटिन. मात्रा अशी की घोड्याचेही केस वाढावेत. हीच पट्टी मी कुठेतरी पाहिली होती. घरी येईपर्यंत आठवेना. आणि न्हाणीघराच्या आरशाखाली — नणंदेची! तीच कंपनी, तीच मात्रा.

"तू हे घेतेस ते सांगितलं नाहीस?"

"औषधं विचारली होतीस. हे केसांचं आहे."

या तापात केस सगळ्यांचेच गळतात. सगळेच या गोळ्या घेत असणार. आणि सगळ्यांनी आमच्या फॉर्मवर इमानदारीने 'एकही नाही' सांगितलं असणार. कुणीही खोटं बोललेलं नाही.

१४ फेब्रुवारी

सुट्टी घेऊन वाचत बसले. आमच्या लॅबच्या मशीनमध्ये तपासणीची रसायनं एकमेकांना धरून ठेवायला हेच बायोटिन वापरतात, गोंदासारखं. पेशंटच्या रक्तात ते आधीच भरमसाट असलं की सगळा हिशोब चुकतो. निरोगी माणसाचा थायरॉइडही उधळलेला दिसतो. अँटिबॉडीसुद्धा!

हे आम्हाला माहीत असायला हवं होतं. पण आम्ही पडलो तापाचे डॉक्टर. थायरॉइडच्या अंगणात पाहुणे. पाहुण्यांना चुलीमागचं काय कळणार?

पण हे सगळं पुस्तकातलं. सर पुस्तकाला बधायचे नाहीत.

१५ फेब्रुवारी

नणंदेच्या गोळ्या बंद केल्या. लॅबमध्ये आधी माझं रक्त तपासून घेतलं, मग उरलेली पट्टी मी सुरू केली. नवऱ्याने पाहिलं. "तुझे केस तर चांगले आहेत."

"म्हातारपणाची सोय करतेय."

१८ फेब्रुवारी

माझं रक्त पुन्हा दिलं. संध्याकाळी लॅबमधल्या मुलीचा फोन. "मॅडम, तुम्हाला बरं वाटतंय ना? टीएसएच जवळजवळ नाहीच, थायरॉइड पार उधळलाय!"

कित्येक दिवसांत इतकी हसले नव्हते. बिचारी घाबरलीच.

१९ फेब्रुवारी

सरांसमोर दोन्ही रिपोर्ट ठेवले. गोळ्यांआधीचा आणि नंतरचा. नाव झाकून. मग सांगितलं की दोन्ही माझेच.

सर भडकले. "एका बाईच्या रक्तावर माझी तीन वर्षं मोडीत काढतेस?" टेबलावर हात आपटला. मी म्हटलं, नणंदेचंही पुन्हा तपासू या. तिचा डोस तेवढा थांबवा.

सरांनी माझा रिपोर्ट उचलला, खिडकीशी गेले. मग पाठमोरेच म्हणाले, "ही गोळी किती दिवस घेतली की असं होतं?"

"दोन-तीन दिवसांतसुद्धा."

"जा तू."

इतका म्हातारा आवाज त्यांचा कधी ऐकला नव्हता. वाईट वाटलं. त्यांच्या मुंडावळ्या काढून घेतल्यासारखं वाटलं, ऐन मांडवात.

२१ फेब्रुवारी

नणंदेचा नवा रिपोर्ट — सगळं जागच्या जागी!

तिने कागद चारदा वाचला. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडली, आणि रडता रडता म्हणते, "पण वहिनी, केसांचं काय?" मी तिला चापट मारली. मग दोघीही रडलो.

सर दोन दिवस आलेले नाहीत.

२४ फेब्रुवारी

सर आले. दाढी वाढलेली. परिषदेला नकार कळवून टाकला. अभ्यासातल्या प्रत्येकाला परत बोलवायचं, गोळ्या बंद करून नव्याने रक्त तपासायचं. ठरलेले डोस सगळे रद्द. सगळं एका दमात सांगितलं, जणू दुसऱ्या कुणाचा अभ्यास आहे.

मी विचारलं, "आधीच कुणाला डोस दिला गेलाय का?"

"एकाला. अगदी सुरुवातीला."

"त्याला सांगायला हवं, सर. लपवता येणार नाही."

"त्याला कळलंय," सर म्हणाले.

२५ फेब्रुवारी

तो एक म्हणजे सर स्वतः! तीन वर्षांपूर्वी त्यांना हाच ताप आला होता. स्वतःचा रिपोर्ट पाहूनच त्यांनी हा अभ्यास सुरू केला. केसांच्या गोळ्या तेव्हा बाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, आणून दिल्या होत्या, आणि घरी बाईंना यातलं काहीही कळता कामा नये अशी मला तंबी. मला तिथेच रडू फुटलं. ते म्हणाले, "रडतेस काय? तुझ्या नणंदेला सांग, आता थांबू नका म्हणावं."