कार्डामागची पेन्सिल

बाई, काल वाचनालयाच्या समितीची बैठक झाली. विषय वीस वर्षांपूर्वीचाच होता. तेव्हा व्हीसीडी की डीव्हीडी, आता डीव्हीडी की ब्लू-रे. एका सभासदाने आईच्या स्मरणार्थ देणगी दिली आहे आणि ती चकत्यांसाठीच वापरायची अशी अट घातली आहे. आता चकत्या कोण नेतं, असं तुम्हीही विचाराल. नेतात. ज्यांना मोबाइलवर काही शोधता येत नाही, ज्यांच्या घरचा मोठा टीव्ही मुलांच्या हातात असतो, अशी माणसं गुरुवारी सकाळी येतात आणि एखादं नाटक घेऊन जातात. परत आलेली चकती मी अजून तुम्ही दाखवलीत तशीच पुसते, मधून बाहेर, सरळ. गोल पुसलेली तुम्हाला चालत नसे. पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन. हल्ली जिना चढून आले की दहा मिनिटं नुसतीच बसते.

तुम्ही मला काउंटरवरच दिसता. नवा सभासद फॉर्म भरतो आहे आणि तुम्ही विचारता, "घरी कोणतं मशीन आहे?" एकदा घणसोली गावातल्या एका मावशींनी सांगितलं, "शिलाईचं हाय की!" तुम्ही एवढ्या हसलात की वाचनकक्षातले लोक मागे वळून बघायला लागले. मग त्यांचं शिलाईचं आणि चकत्यांचं, दोन्ही तुम्ही कार्डामागे पेन्सिलीने लिहिलंत. पेन्सिलच का, म्हणून मी विचारलं होतं. "माणसं मशीन बदलतात. आपण खोडून नवीन लिहायचं," तुम्ही म्हणालात. मला ते सगळं जुनाट वाटायचं. मी नुकताच ग्रंथालयाचा कोर्स केला होता. सभासदाला घरचं सामान विचारणं हे काही आम्हाला शिकवलेलं नव्हतं.

तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि त्याच महिन्यात समितीने विचारलं, नव्या चकत्या कोणत्या घ्यायच्या. रजेवर जायच्या आधी तुम्ही तीन दिवस बसून सगळी कार्डं उलटी केलीत आणि यादी काढलीत. बहुतेक घरांत व्हीसीडीचं मशीन होतं, डीव्हीडीचं मोजक्या घरांत. खाली तुमच्या बारीक अक्षरात एक ओळ होती. व्हीसीडी दोन्ही मशीनवर चालते, डीव्हीडी एकावरच. ती यादी समितीपुढे ठेवायला तुम्ही माझ्याकडे दिलीत. मी ती खणात ठेवली. बैठकीत सांगितलं की शहर नवीन आहे, वाचनालयही नवीन दिसलं पाहिजे, चित्र स्वच्छ दिसतं, एका नाटकाला दोन चकत्या लागत नाहीत. हे सगळं खरंच होतं. आणि हेही खरं की त्या दिवाळीत आमच्या घरी डीव्हीडी प्लेअर आला होता.

तुम्ही काठी टेकत परत आलात. "यादी पाहिली का त्यांनी?" "हो, पाहिली." तुम्ही काठी काउंटरला टेकवून ठेवलीत. "बरं. त्यांना जास्त कळत असेल." एवढंच. पुन्हा कधी विचारलं नाहीत.

पुढच्या आठवड्यात मावशी आल्या. तुम्ही जेवायला गेला होतात. "बाय, तुजी ही चकती आमचे घरा चालं नाय. नुसता निला परदा. आमचा म्हातारा पलंगावर परून हाय, सकालपास्ना नाटकाची वाट बघतंय. ती जुनी दोन चकत्यांची दे ना." नवीन नाटकं आता तशी घेत नाही, असं मी सांगितलं. जुनी होती तेवढी त्यांनी केव्हाच नेऊन पाहिली होती. "मंग ह्यो कारड ठेव तुज्याकडं." त्या रागावल्या नव्हत्या. कार्ड काउंटरवर ठेवून, पदराने घाम पुसून निघून गेल्या. गावातली आणखी काही कार्डं तशीच परत आली. तुम्ही ती रद्द केली नाहीत. वेगळ्या डब्यात ठेवलीत. डबा अजून आहे.

या वेळी मी सगळ्यांना फोन केले. जुईनगरचे एक आजोबा म्हणाले, "मशीन आहे हो, सुनेने माळ्यावर टाकलंय. वाचनालयातून फोन आलाय म्हणतो, म्हणजे काढून देईल." ब्लू-रेचं मशीन दोनच घरांत निघालं. त्यातल्या एकाला ते कसं लावतात ते माहीत नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, घ्यायचं तर लेटेस्ट घ्या ना. डीव्हीडी म्हणजे भंगार झालं आता." मी यादी पुढे केली आणि म्हणाले, डीव्हीडी दोन्ही मशीनवर चालते, ब्लू-रे एकावरच. हे बोलताना मला माझाच आवाज ओळखीचा वाटेना. अध्यक्षांनी यादी दोनदा वाचली. डीव्हीडी मंजूर झाली.

मग समितीतली नवीन मुलगी म्हणाली, "घरोघरी विचारायचं भारी आहे, मॅडम. आयडिया कुणाची?" तुमचं नाव घेतलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग मागच्या वेळी का नाही विचारलं. मी म्हणाले, "माझीच." तेवढ्यात चहा आला.

तुम्ही गेल्यापासून कामोठ्याच्या तुमच्या फ्लॅटमध्ये दुसरे लोक राहतात, तेव्हा हे पाठवायचा प्रश्नच येत नाही. पण बाई, तुम्ही तिथे असतात तरी मी हे पाठवलं नसतं.