काकांचा प्लास्टरचा पाय

३ फेब्रुवारी
काकांच्या उजव्या पायाला प्लास्टर. दार उघडून आत येतात तर डाव्या! मी ही चूक लिहून दिली होती, तरी भाग तसाच टीव्हीवर गेला. आता लोक तो तुकडा मोबाईलवर फिरवताहेत. आमच्या विनोदी कार्टूनला कुणी एवढं हसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

अशा चुका पकडायचं माझं काम. मालिका दादाची – माझा सख्खा मोठा भाऊ, दिग्दर्शकही तोच आणि मालकही तोच. दिवसभर त्याचा एकच धोशा – हा सीन कुणी काढला? शेवटी मी सांगितलं. बगळ्याने. मान लांब म्हणून स्टुडिओत सगळे त्याला बगळाच म्हणतात.

४ फेब्रुवारी


बगळा चित्र काढत बसला होता. दादा त्याच्या टेबलापाशी गेला. "कुठला पाय मोडला होता रे काकांचा?" बगळा हसला. घाबरला की तो हसतो, आम्हाला ठाऊक आहे. दादाने त्याचा हात धरून उघड्या ड्रॉवरमध्ये दाबला आणि ड्रॉवरला लाथ घातली. मग पुन्हा.

मी कान झाकले. डोळे झाकायचे राहून गेले.

कुणी जागचं हललं नाही. मीही नाही. रंग भरणारी बाई किंचाळली तेव्हा दादा थांबला. शर्टाची बाही नीट करत म्हणाला, "पाय दुरुस्त करून घ्या."

५ फेब्रुवारी
बगळ्याची उजव्या हाताची बोटं मोडली. त्याच्या बायकोने तक्रार दिली. पोलीस आले तर सगळ्यांची दातखीळ बसलेली. मी म्हणाले, उद्या येऊन सांगते.

घरी आई – "घरची लक्तरं वेशीवर टांगू नकोस. ड्रॉवर चुकून लागला म्हणून सांग."
"दोनदा?"
ती भांडी आपटत राहिली.

६ फेब्रुवारी
जबाब दिला. जे पाहिलं तेच सांगितलं. इन्स्पेक्टर म्हणाले, कोर्टात पुन्हा हेच सांगावं लागेल. म्हटलं, सांगेन. दुपारी दादाला स्टुडिओतून उचललं.

आई माझ्याशी बोलत नाही.

७ फेब्रुवारी
बगळ्याला भेटून आले. हाताचं नुसतं गाठोडं झालंय. "वेळ नव्हता ताई. जुनंच चित्र आरशातल्यासारखं उलटं करून लावलं, त्यात पाय बदलला." एवढीशी गोष्ट. त्याची बायको दारापर्यंत आली. "तुमच्याशिवाय कुणी बोलणार नाही," म्हणाली.

८ फेब्रुवारी
मालिकेतल्या आत्याच्या गालावरचा तीळ दोन सीनमध्ये गायब. कुणाचा सीन ते लिहिलं नाही.

९ फेब्रुवारी
दादा जामिनावर सुटला. घरी आला तो थेट माझ्या खोलीत. दार लाथेने उघडलं, कडी उखडून पडली. "जबाब फिरव." मी नाही म्हणाले. त्याने केस धरून माझं डोकं भिंतीवर आपटलं. आई मध्ये पडली, तिला ढकललं. पलंगाच्या कडेवर तिची भुवई फुटली.

माझ्या हाताला इस्त्री लागली. गार होती. त्याच्या कानामागे मारली. तो मटकन खाली बसला. हात वर करून म्हणाला, "बास, छोटे."

तिथे थांबता आलं असतं. मी पुन्हा मारलं. तो आडवा झाल्यावरही मारलं. आईने माझं मनगट पकडलं तेव्हा कुठे भान आलं.

बरं वाटत होतं. खोटं कशाला लिहू?

१० फेब्रुवारी
दादा बेशुद्धच. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? आई माझ्याआधी बोलली. "बाथरूममध्ये पाय घसरला."
"आणि तुमची भुवई?"
"त्याला सावरायला गेले."
मी तिच्या शेजारीच उभी होते. 

११ फेब्रुवारी
तसाच आहे. बगळ्याच्या बायकोचा फोन येऊन गेला. उचलला नाही.

१२ फेब्रुवारी
दादा शुद्धीवर आला. डॉक्टरांनी कळवलं असावं – तेच इन्स्पेक्टर आले. "कुणी मारलं?"
"मारतंय कोण? पडलो."
ते गेल्यावर त्याने माझा हात हातात घेतला. कोर्टाचं नावसुद्धा काढलं नाही. मीही हात सोडवून घेतला नाही.