पुठ्ठ्याची पट्टी

३ जून
हॉस्पिटलच्या लाँड्रीत सुपरवायझर नेमणार. कोर्स पास होईल तिला. कोर्स पोस्टाने येतो, शिकवायला माणूस नाही. शेवटची परीक्षा म्हणे कॉम्प्युटर घेणार. मी आणि इस्त्रीवाली, दोघींनी नावं दिली. ती सातवी शिकलेली, मी चौथी. पण पंधरा वर्षं इथल्या चादरी मी धुतेय. ती कालपरवा आली. जागा माझीच.

९ जून
पुस्तक आलं. वर प्रश्न, खाली उत्तर. उत्तरावर पुठ्ठ्याची पट्टी ठेवायची. आधी आपलं लिहायचं, मग पट्टी सरकवायची. चुकलं तर धडा पुन्हा. रोज एक धडा करणार. ठरलं.

१० जून, दुपारी
पंख्याने पट्टी सरकली. उत्तर दिसलंच, तर लिहून टाकलं.

१७ जून
पंख्याचा त्रास चालूच. लाइट नव्हती तरी. आठ धडे झाले. उद्यापासून आधी लिहीन.

२ जुलै
पोस्टाने पाठवलेले पेपर तपासणाऱ्या बाईंचं पत्र. कोण कुठल्या, तोंड पाहिलेलं नाही. लिहितात, एकही चूक नाही, तुमचं फार कौतुक वाटतं. जेवण गेलं नाही. नवरा म्हणाला, पोट बिघडलंय का. हो म्हटलं.

५ जुलै
इस्त्रीवाली अजून चौथ्या धड्यावर. विचारत होती, ताई, तुमचं एकदाही कसं चुकत नाही. म्हटलं, डोकं लागतं त्याला. इस्त्रीखाली उशीची खोळ जळाली तिच्या.

१२ जुलै
तिने कोर्स सोडला. आपल्याला डोकं नाही म्हणाली. मी सोड म्हटलं का? दोन लहान पोरं तिला, बरंच झालं. दिवसभर तिच्याकडे बघितलं नाही. उद्या खरं काय ते सांगते.

१३ जुलै
कपडे फार होते. उद्या.

३० जुलै
परीक्षा. कॉम्प्युटर म्हणजे टीव्हीपुढे टाइपरायटर. पहिलाच प्रश्न, चादरीवर रक्ताचा डाग, पाणी थंड की गरम? पंधरा वर्षं रोज थंड पाण्यात काढतेय. पण हात आधी काचेवर खाली गेला, पट्टी शोधत. गडबडले. गरम दाबलं. पुढचं काहीच सुचेना. शेवटी काचेवर अक्षरं आली, नापास, पुन्हा धडा पहिला.

३१ जुलै
मशीनच बिघडलेलं होतं, असं इस्त्रीवालीला सांगायला गेले. पण तोंडातून सगळं खरं तेच निघालं. तिने पिशवीतून आपली पट्टी काढली. कडा झिजलेल्या, मधे अंगठ्याचा काळा डाग. मग माझी मागितली. माझी कोरी करकरीत. दोन्ही शेजारी ठेवून बघत राहिली. मग म्हणाली, ती कोर्स पुन्हा धरतेय, मीही धरावा. रोज जेवणाच्या सुट्टीत, तिच्या टेबलावर.
पट्टी ती धरणार.