बोटांचे ठसे

शिमकेंत, १२ मे

ती. कुल्याशताईस धाकट्या नुरपेइसचा सा. सलाम. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून कागदच बरा. बसवाल्या साबितने तुझी कुरुतची पिशवी पोचवली. असं आंबट-खारट वाळवलेलं दही इकडे शहरात मिळत नाही.

पोट लहान करण्याच्या ऑपरेशनला वर्ष झालं. एकशे अडतीस किलोंचा मी आता ब्याऐंशीवर आलोय. परवा शेजारच्या ओंगरकडे मेजवानी होती. वडीलधारा म्हणून मेंढीचं मानाचं मुंडकं माझ्यापुढे ठेवलं आणि माझे दोन घासांत हात वर! टायरची तीन दुकानं झाल्यापासून साहेबांना आमचं मटण रुचत नाही, असा टोमणा त्याने मारलाच. निघताना रिवाजाप्रमाणे घरच्यांसाठी म्हणून उरलेलं बांधून दिलं. फ्रीजरमध्ये अशी सात पुडकी साठलीत. बायको गेल्यापासून घरचे कुठले?

कॅल्शियमच्या गोळ्या वेळेवर घेतो. लोभ वाढू दे, वजन नको.

तुझा नुरपेइस

---

अक्सू, २ जून

चि. नुरपेइसला अनेक आशीर्वाद.

लबाडा, साबितने मला सगळं लिहून दाखवलं. गोळ्यांचा डबा धूळ खात पडलाय आणि तू दिवसभर कुरुत चघळतोस! पिशवी घेताना तुझी बोटं वाकडी होऊन आखडली, तेही त्याने पाहिलं. मी गावच्या नर्सबाईंना विचारलं. असं ऑपरेशन झाल्यावर नुसत्या कुरुतवर भागत नाही, गोळ्या जन्मभर घ्याव्याच लागतात. आता रिकाम्या पट्ट्या साबितकडे दिल्यास तरच कुरुत मिळेल. रागावले तरी मी तुझीच.

कुल्याश

---

शिमकेंत, २० जून

ती. ताईस सा. सलाम. वि. वि.

पकडलंस. रक्तात कॅल्शियम फार उतरलंय म्हणून डॉक्टरीणबाईंनीही झाडलं. ताई, दिवसातून तीन वेळा गोळी, वर लोहाची गोळी दोन तास लांब. या दोघी सवती एकत्र नांदत नाहीत. प्रत्येक वेळी एकट्याने टेबलाशी बसायचं आणि घेतलीस का, असं विचारायला कोणी नाही. तुझ्या कुरुतवर मात्र मुठीत दाबल्याचे चार बोटांचे ठसे असतात. तोंडात टाकलं की कोणीतरी हाताने भरवल्यासारखं वाटतं.

सोबत रिकाम्या पट्ट्या. मोजून घे.

नुरपेइस

---

अक्सू, ९ जुलै

चि. नुरपेइसला आशीर्वाद.

शाब्बास. कुरुत पाठवतेय. आकाराला नावं ठेवू नकोस, हल्ली गडबडीत करते. माझं बरं आहे.

कुल्याश

---

शिमकेंत, १५ जुलै

ती. ताईस सा. सलाम. वि. वि.

यावेळचं कुरुत पेल्याने दाबल्यासारखं चपटं आहे. त्यावर एकही बोट नाही. अक्षरही डाव्या हाताचं वाटतं. साबित आधी नुसता हवापाण्यावर बोलत राहिला. चहाच्या तिसऱ्या पेल्याला त्याने सांगून टाकलं: गोठ्यात घसरून तुझं उजवं मनगट मोडलंय, महिनाभर प्लास्टर आहे, आणि नर्सबाईंनी दिलेली तुझी कॅल्शियमची बाटली तशीच सीलबंद आहे. मला पट्ट्या मोजायला लावणारी तू!

शुक्रवारच्या बसने येतोय. माझा डबा आणतो, तू बाटली उघडून ठेव. समोरासमोर बसून घेऊ, आणि मी मोठ्याने विचारेन. ऐकू आलं नाही तर ओठ बघ. फ्रीजरमधली सातही पुडकी बर्फात घालून आणतोय. घरच्यांसाठीच दिली होती ती.

तुझा नुरपेइस