मातीत पुरलेला तुकडा

५ ऑगस्ट
केजला आले. कॉलेजची प्रयोगशाळा चक्क स्वच्छ आहे, खिडकीतून सीताफळाची झाडं दिसतात. मदतनीस भिवराबाईंनी आल्याआल्या चहा पाजला. माझं काम असं: स्टार्चच्या पातळ फिल्ममध्ये सीताफळाच्या पाल्याचा अर्क घालायचा आणि ती फळांभोवती गुंडाळायची. फळ टिकलं पाहिजे, फिल्म मात्र मातीत विरली पाहिजे. नाही विरली तर माझी नेमणूक संपली. पण जमेल. मी लई खुशीत आहे, इथल्यासारखं लिहायचं तर.

१४ ऑगस्ट
डोक्याला ताप नुसता. सहा ट्रे ओतले, पाच तडकले. सहावी फिल्म कापताना अंगठा कापला. रागारागात तिचाच तुकडा जखमेवर चिकटवला, तर संध्याकाळपर्यंत जखम बंद. तो तुकडाही बाकीच्या नमुन्यांबरोबर विरण्याच्या चाचणीसाठी खणलेल्या खड्ड्यात पुरला. भिवराबाई चिडल्या. जनावराच्या जखमेला बांधलेला पाला मातीत घालीत न्हाईत, जाळतात, म्हणाल्या. मातीत गेला की अंग मागतो. मी शास्त्र समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि झाडायला गेल्या.

२८ ऑगस्ट
हजेरीचं मशीन माझा अंगठा घेत नाही. चार दिवस मी कागदोपत्री गैरहजर. कारकून बिभीषण विचारतो, मॅडम, अंगठ्यावर रेघाच न्हाईत, कावून घासता एवढा? घासते कपाळ माझं.
खड्ड्यातले बाकीचे नमुने छान विरताहेत. जखमेचा तुकडा मात्र वाढलाय. वजन तिप्पट. काटा बदलला, तरी तिप्पट.

४ सप्टेंबर
तुकडा भिंगाखाली धरला. त्यावर रेघा आहेत. माझ्याच अंगठ्याच्या, कापल्याच्या खुणेसकट. माझी पाचही बोटं गुळगुळीत, कातडी पातळ झालेली. भिवराबाईंचं ऐकून तुकड्याला काडी लावली. फोड माझ्या हाताला आला — तुकडा लगेच विझवला. परत पुरला. दुसरं काय करणार होते?

९ सप्टेंबर
खड्डा उकरलेला. आत काही नाही. भीती वाटते. रजेचा अर्ज पाठवला, आता खोलीतून बाहेर पडणार नाही —

१० सप्टेंबर
बिभीषणचा फोन. अर्ज कशाला, म्हणतो. तुमी तर सकाळपासून प्रयोगशाळेतच हायेत, मशीननं अंगठा लगेच घेतला. प्राचार्य सर खूश आहेत म्हणे. नेमणूक वाढली. प्रियदर्शनी मॅडमची.
प्रियदर्शनी मी आहे. मी इथे —
हात वहीवर ठेवलाय. तळहातातून खालची ओळ वाचता ये